विमानातला तापमापक

जुलै-ऑगस्टमध्ये औसा, निलंगा, लातूर या भागात आकाशाकडे पाहणाऱ्याला ढगांची टंचाई सहसा जाणवत नाही. पश्चिमेकडून ढगांचे कळप येतात, औशाच्या किल्ल्यावरून, सोयाबीन-तुरीच्या रानांवरून सावल्या ओढत तेलंगणाकडे निघून जातात. ते पाऊस देतातच असे नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीला प्रत्येकी ५० हजार लिटरच्या १० टाक्या होत्या. त्याच्या आदल्या पावसाळ्यात, म्हणजे २०१५ साली, राज्य सरकारने औरंगाबादहून (आजचे छत्रपती संभाजीनगर) विमान उडवून मराठवाड्यात कृत्रिम पावसाचा प्रयोग केला होता. विमानाने ढगात काय टाकले याची चर्चा तेव्हा गावोगाव झाली. विमानाने ढगात काय मोजले, हा प्रश्न मात्र कोणी फारसा विचारला नाही. वास्तविक काय टाकायचे हे काय मोजले यावरच ठरते आणि त्या मोजण्यात पहिला मान तापमानाचा आहे.

आपल्याकडे पावसाळ्यात शून्य अंशाची पातळी साधारण ५ किलोमीटर उंचीवर असते. ज्या ढगाचा माथा या पातळीच्या खालीच राहतो तो 'उष्ण' ढग. त्यात मिठासारखा ओल धरणारा पदार्थ सोडायचा, म्हणजे मोठे थेंब तयार होऊन ते लहान थेंबांना गिळत खाली येतात. ज्याचा माथा त्या पातळीच्या बराच वर जातो त्या 'शीत' ढगात शून्याखालीही न गोठलेले पाणी असते. तेथे सिल्व्हर आयोडाइडचा धूर बर्फाचे स्फटिक सुरू करून देतो. पण हा धूर साधारण उणे ५ अंश किंवा त्याहून थंड हवेतच काम करतो. आता असे समजा, की सेकंदाला १०० मीटर वेगाने जाणाऱ्या विमानाच्या नाकावरील तापमापक बरोबर शून्य अंश दाखवीत आहे. बाहेरच्या हवेचे तापमान किती? उत्तर आहे, उणे ५ अंश. तापमापक बिघडलेला नाही. तो त्याला लागणाऱ्या हवेचे तापमान बिनचूक सांगतो आहे. ती हवा मात्र विमानाने स्वतःच तापवलेली आहे.

ही गोष्ट वर्गात समजावताना एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करावी. चालू पंख्यासमोर कोरडा तापमापक धरला तर तो उतरेल का? बहुतेक मुले 'हो' म्हणतात, कारण पंख्याखाली आपल्याला गार वाटते. प्रत्यक्षात तापमापक हलत नाही. गारवा आपल्या घामाच्या बाष्पीभवनाचा असतो, आणि तापमापकाला घाम येत नाही. उलट, वेगाने येणारी हवा कशावर तरी आपटून थांबली तर तिची गतिज ऊर्जा उष्णतेत बदलते. एक किलोग्रॅम हवा एक अंशाने तापवायला सुमारे १००५ ज्यूल लागतात. म्हणजे सेकंदाला इतके मीटर असा वेग घेऊन त्याचा वर्ग करा आणि २०१० ने भागा. पूर्णपणे थांबलेली हवा किती अंशांनी तापेल ते मिळते. ताशी ६० किलोमीटर वेगाच्या मोटारसायकलीसाठी हे उत्तर ०.१४ अंश येते, म्हणून आपल्या ते कधी लक्षातच येत नाही. ताशी २५० किलोमीटर वेगाच्या जुन्या डाकोटा विमानासाठी २.४ अंश. ताशी ९०० किलोमीटरने जाणाऱ्या प्रवासी जेटसाठी ३१ अंश! ध्वनीच्या दुप्पट वेगाचे काँकॉर्ड विमान २००३ पर्यंत उडत होते. बाहेर उणे ५५ अंशांची हवा असताना त्याचे नाक १२७ अंशांपर्यंत तापे.

तापमापकाचे म्हणणे हवेचे की उपकरणाचे, हा संशय विमानापेक्षाही जुना आहे. उंचावरची हवा मोजायला फुगे सोडत तेव्हा ऊन हा शत्रू होता. जर्मनीच्या रिशार्ड आसमान यांनी (आडनाव आपल्या कानाला किती समर्पक!) १८८७ च्या सुमारास चकचकीत धातूच्या नळीत तापमापक बसवून त्यावरून छोट्या पंख्याने सतत हवा ओढण्याची युक्ती काढली. ऊन नळीवरून परावर्तित होई आणि तापमापकाला खरी हवा मिळे. फ्रान्समध्ये तेसराँ द बोर यांना फुग्यांच्या नोंदींत सुमारे ११ किलोमीटरच्या वर तापमान उतरायचे थांबलेले दिसले. हा उन्हाचाच खोडसाळपणा असावा अशी शंका येणे स्वाभाविक होते. म्हणून त्यांनी दोनशेच्या वर फुगे सोडले आणि त्यांतले पुष्कळसे रात्री सोडले. नोंद तशीच राहिली. १९०२ साली त्यांनी आणि आसमान यांनी काही दिवसांच्या अंतराने स्वतंत्रपणे जे जाहीर केले, त्याला आपण आज स्थितांबर म्हणतो. वातावरणाचा एक अख्खा थर उपकरणाचा दोष समजून सोडून दिला गेला असता.

मग विमान आले. दोन पंखी विमानांच्या उभ्या दांड्यांना तापमापक बांधत आणि वैमानिक मान वळवून तो वाचून मांडीवरच्या कागदावर आकडा लिही. पुढे नोंद आपोआप करणारे यंत्र पंखांच्या मध्ये टांगले जाऊ लागले. अमेरिकेच्या हवामान खात्याने १९३१ मध्ये चार शहरांतून रोज पहाटे अशी उड्डाणे सुरू केली. वैमानिक कंत्राटी असत. १३,५०० फुटांची उंची गाठली तरच पैसे आणि त्यापुढे गेल्यास वर बक्षिसी, असा करार होता. उघड्या विमानात, प्राणवायूशिवाय, अंधारात आणि बर्फात ही माणसे वर जात. १९३८ पर्यंत त्यांतले १२ वैमानिक मरण पावले. त्यानंतर फुग्याबरोबर जाऊन रेडिओने आकडे खाली पाठवणाऱ्या रेडिओसाँडने ते काम हाती घेतले. रोजच्या नकाशातील एका तापमानाच्या आकड्यामागे एवढी किंमत मोजली गेली होती, हे मुलांना जरूर सांगावे.

रेडिओसाँडच्या बाबतीत आपल्या पुण्याचे नाव घ्यावे लागेल. भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आले. तेथील उपकरण विभागात व्यंकटेश्वरन आणि १९४८ पासून अॅना मणी यांनी परदेशी उपकरणांवरचे अवलंबन कमी करण्याचे काम चिकाटीने केले. पण फुगा सेकंदाला जेमतेम ५ मीटर चढतो. वरच्या सूत्रात हा वेग घातला तर उत्तर एक शतांश अंश येते, म्हणजे वेगाने तापण्याची अडचण त्याला जवळजवळ नाहीच. त्याची अडचण वेगळी आहे: फुगा वारा नेईल तिकडे जातो. 'त्या ढगात जा आणि सांग' असे त्याला सांगता येत नाही. त्यासाठी विमानच हवे.

विमानावर पारा मात्र चालत नाही. तो उणे ३९ अंशांच्या आसपास गोठतो, हादऱ्यांनी त्याचा स्तंभ तुटतो. पण खरे भय वेगळेच आहे. विमानाचे धड ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो, तोच त्याचे रक्षण करतो. पारा सांडून ओरखड्यातून आत शिरला की तो थर पुन्हा नीट जमू देत नाही आणि धातू पोखरत जातो. म्हणून विमानात पारा निषिद्ध मानला जातो. त्याची जागा प्लॅटिनमच्या तारेने घेतली. तापमानाबरोबर तिचा विद्युत रोध अत्यंत नियमितपणे वाढतो: शून्य अंशाला १०० ओहम असलेली तार १०० अंशांना १३८.५ ओहम दाखवते. कॅलेंडर यांनी १८८७ मध्येच ही तार विश्वासाला पात्र ठरवली होती.

तार मिळाली, तरी ती बसवायची कशी? येथे दोन मागण्या एकमेकींशी भांडतात. तार जाड व चिलखतात असेल तर टिकते, पण आळशी होते. अर्ध्या मिनिटात सावकाश बदलणारा तापमापक घेऊन डाकोटा ढगात शिरली, तर तेवढ्या वेळात विमान २ किलोमीटर पुढे गेलेले असते. लहान ढग येऊन गेला हे तापमापकाला कळतही नाही. तार केसाहून बारीक असेल तर ती क्षणात बदलते, पण थेंब, किडे, धूळ आणि गारा तिच्यावर गोळ्यांसारख्या आदळतात. शिवाय उघड्या तारेवरून हवा घसरून जाते, पुरती थांबत नाही. त्यामुळे ती उष्णतेचा काही भागच घेते आणि तो भाग तारेच्या आकारावर, बैठकीवर, साध्या पोच्यावरही बदलतो. दणकट उपकरण म्हणजे न मोडणारे उपकरण एवढीच कल्पना आपल्या मनात असते. विमानात दणकट म्हणजे ज्याची चूक वर्षानुवर्षे तेवढीच राहते असे उपकरण.

या पेचातून निघायच्या दोन वाटा दोन वेगळ्या वृत्तींच्या लोकांनी काढल्या. पहिली बर्नार्ड व्हॉनेगट यांची. हे नाव कृत्रिम पावसाच्या इतिहासात अगोदरच आहे; सिल्व्हर आयोडाइडने बर्फाचे स्फटिक सुरू होतात हे १९४६ मध्ये त्यांनीच दाखवले. त्यांनी १९५० मध्ये 'भोवरा तापमापक' मांडला. नळीत हवा गरगर फिरवली की भोवऱ्याच्या मध्याशी ती गार होते, हे फ्रान्सचे रांक आणि जर्मनीचे हिल्श यांच्या कामातून माहीत होते. व्हॉनेगट यांनी नळीची मापे अशी जुळवली की विमानाच्या वेगाने हवा जितकी तापेल तितकीच ती भोवऱ्याच्या मध्याशी थंड व्हावी. वेग वाढला की दोन्ही परिणाम बरोबरीने वाढतात आणि मध्ये बसवलेला तापमापक थेट बाहेरचे तापमान सांगतो. गणित नको, दुरुस्ती नको. कल्पना म्हणून ही मला आजही सर्वांत देखणी वाटते.

टिकली मात्र दुसरी वाट. मिनेसोटा विद्यापीठाच्या रोझमाउंट येथील वैमानिकी प्रयोगशाळेतल्या मंडळींनी १९५६ मध्ये एक छोटी कंपनी काढली. त्यांच्या तापमापकाचे तत्त्व व्हॉनेगट यांच्या उलट होते: उष्णता टाळू नका, ती सगळी घ्या आणि मग वजा करा. विमानाच्या कातड्यापासून काही सेंटिमीटर बाहेर एक पोकळ तोंड असते. आत आलेल्या हवेचा काही भाग काटकोनात वळवून तारेकडे नेला जातो. थेंब, किडे, कचरा जड असल्याने वळू शकत नाहीत आणि सरळ मागच्या भोकातून बाहेर जातात. (जत्रेतल्या चक्रीपाळण्यातून उतरलेल्या मुलांना हा जडत्वाचा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही.) भिंतीला घासून आलेली हवा बारीक छिद्रांतून शोषून काढली जाते, बर्फ धरू नये म्हणून खोळीत विजेची तापक तार असते आणि आत हवा जवळजवळ थांबते. त्यामुळे जवळजवळ पूर्ण उष्णता मिळते आणि 'जवळजवळ' म्हणजे नेमके किती, हे वायुबोगद्यात एकदा मोजून ठेवता येते. वेग वेगळा मोजायचा, वर्ग करून वजाबाकी करायची. आज बहुतेक सर्व जेट विमानांवर याच जातीचे तापमापक असतात.

आता महाराष्ट्राच्या ढगांकडे वळू. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने १९७३, १९७४, १९७६ आणि १९७९ ते १९८६ अशा ११ पावसाळ्यांत बारामतीच्या परिसरात ढगबीजनाचा प्रयोग केला. पर्जन्यछायेतला सुमारे ४,८०० चौरस किलोमीटरचा प्रदेश तीन भागांत वाटून, कोणत्या भागावर कोणत्या दिवशी बीजन करायचे हे यदृच्छेने ठरवले जाई. डाकोटा विमान ढगाच्या तळापासून दोन-तीनशे मीटर वर शिरे आणि दळलेले मीठ सोडे. मिठाचे गोळे होऊ नयेत म्हणून त्यात शंखजिऱ्याची पूड मिसळलेली असे. बीजन केलेल्या भागात २४ टक्के जास्त पाऊस आढळला. निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता शंभरात चार, असा संख्याशास्त्रीय निष्कर्ष निघाला. रमण मूर्ती, मेरी सेल्वम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उड्डाणांतून २,००० हून जास्त उष्ण ढगांची आतून पाहणी केली. त्यांना ढगात वर जाणारे प्रवाह जेमतेम शंभर मीटर रुंदीचे दिसले, त्यांच्या शेजारी खाली येणारे. डाकोटा हे अंतर दीड सेकंदात ओलांडते! त्या दीड सेकंदात पाण्याचे प्रमाण, विद्युतभार आणि तापमान पकडायचे, तेही मीठ उडवणाऱ्या, खडखडणाऱ्या, पावसात भिजणाऱ्या विमानातून. मीठ आणि ओल एकत्र आल्यावर विजेच्या जोडण्यांना किती जपावे लागत असेल, याची कल्पना किनाऱ्यावरच्या कोणत्याही रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला असते.

आणि येथेच तापमापकाची सर्वांत अवघड परीक्षा होते. ढग वाढतो, कारण आतली हवा शेजारच्या हवेपेक्षा किंचित उष्ण व हलकी असते. हा फरक लहान ढगांत बहुधा अर्ध्या-एक अंशाचाच असतो. अर्धा अंश म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण अर्ध्या अंशाने उष्ण हवेला वर ढकलणारे त्वरण ९.८ गुणिले ०.५ भागिले ३००, म्हणजे सुमारे ०.०१६ मीटर प्रतिसेकंद वर्ग येते. दुसरा कोणताही अडथळा नसेल तर पाच मिनिटांत ती सेकंदाला ५ मीटर वेगाने वर जाऊ लागेल. चिन्ह उलटे झाले, आतली हवा अर्ध्या अंशाने थंड निघाली, तर ढग कशाच्या बळावर उभा आहे हाच प्रश्न नव्याने मांडावा लागतो.

अडचण अशी, की ढगात तापमापक ओला होतो. कोरडी हवा त्यावर थांबली की २.४ अंशांनी तापते. तार ओली असेल तर त्या उष्णतेचा मोठा भाग पाण्याच्या बाष्पीभवनात जातो आणि आपल्या पावसाळी ढगांच्या तापमानाला वाढ साधारण १.१ अंशाचीच होते. शास्त्रज्ञ मात्र नेहमीप्रमाणे २.४ वजा करतो. झाले! ढग प्रत्यक्षापेक्षा १.३ अंशांनी थंड दिसला. जो फरक शोधायचा त्याच्या दुप्पट चूक, आणि तीही नेमकी उलट्या दिशेची. ढगातून बाहेर कोरड्या हवेत आल्यावर तर ओली तार आणखी घसरते. याचे प्रात्यक्षिक शाळेत सहज होते. दोन सारखे तापमापक घ्या, एकाच्या फुग्याला ओला कापूस गुंडाळा, दोन्ही पंख्यासमोर धरा. मघाशी न हललेला तापमापक आता भराभर उतरतो. उन्हाळ्यात लातूरसारख्या कोरड्या हवेत तर मुले थक्क होतात.

थेंब वळू शकत नाहीत या भरवशावर बांधलेली खोळही पूर्ण सुटका करीत नाही. थेंब भिंतीवर फुटतात, त्यांची पातळ साय आत सरकते आणि तारेवर उडते. तोंड मागे केलेल्या खोळीही करून पाहिल्या गेल्या. अमेरिकेतील लॉसन आणि कूपर यांनी १९९० मध्ये वेगवेगळे तापमापक ढगांतून नेऊन तुलना केली, तेव्हा हवेत बुडणारे दोन्ही प्रकार ओले होतात असेच दिसले. त्यांच्या जोडीला त्यांनी न भिजणारा एक साक्षीदार वापरला होता. हवेतील कार्बन डायऑक्साइड अवरक्त किरण बाहेर टाकतो. त्यांची तीव्रता मोजली की हवेला स्पर्श न करताच तापमान कळते. भारतीय ढगांच्या जुन्या नोंदी वाचताना, विशेषतः 'ढग आतून थंड आढळला' असे वाक्य आले की, तापमापक कोणता होता आणि कोरडा होता का, हे आधी पाहावे असे माझे स्पष्ट मत आहे. यात त्या निरीक्षकांचा उणेपणा नाही. जगभर १९६० आणि १९७० च्या दशकांत हीच उपकरणे होती. १९७९ च्या मोनेक्स मोहिमेत मुंबईहून मान्सूनमध्ये उडालेली सुसज्ज अमेरिकन विमानेही या अडचणीतून मुक्त नव्हती.

बर्फ आणखी एक गंमत करतो. उष्ण कटिबंधातील मोठ्या गडगडाटी ढगांच्या माथ्याजवळ बारीक बर्फकणांचा मारा इतका असतो, की तापमापकाच्या खोळीत ते साचतात आणि तापक तारेमुळे अर्धवट वितळतात. बर्फ आणि पाणी एकत्र असले की तापमान किती, हे आठवीचा विद्यार्थी सांगेल. तारेभोवती उणे वीस-तीस अंशांची हवा असायला हवी, पण वैमानिकासमोरचा आकडा शून्याकडे सरकून तेथेच अडकतो. आता हा अडकलेला शून्यच धोक्याची खूण म्हणून वैमानिकांना शिकवला जातो, कारण तेच बर्फकण इंजिनातही शिरत असतात.

पुण्याच्या संस्थेने २००९ मध्ये नव्या विमानांनिशी 'कायपीक्स' हा प्रयोग सुरू केला. त्याचा २०१८ आणि २०१९ चा टप्पा सोलापुरात झाला, औशापासून शंभरेक किलोमीटरवर. २७६ ढग निवडले गेले. त्यांतल्या काहींत ओल धरणारे कण सोडले, बाकीचे तुलनेसाठी तसेच ठेवले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार बीजन केलेल्या ढगांखाली सरासरी सुमारे १८ टक्के जास्त पाऊस मिळाला. ज्या वर्षी आकाशात योग्य ढगच नसतात त्या वर्षी या टक्क्यांचा उपयोग नाही, हे २०१५ चा पावसाळा पाहिलेल्या मराठवाड्याला वेगळे सांगायला नको.

संशोधनाची विमाने मोजकीच असतात. आज वरच्या हवेच्या तापमानाचे सर्वाधिक आकडे येतात ते साध्या प्रवासी विमानांकडून. अनेक कंपन्यांची विमाने आपल्या नोंदी वाटेतूनच हवामान केंद्रांना पाठवत असतात. २०२० मध्ये साथीमुळे उड्डाणे थांबली तेव्हा जगभर या नोंदी तीन चतुर्थांशांहून अधिक घटल्या आणि हवामानाचे अंदाज करणाऱ्यांना ती उणीव जाणवली. मुंबईहून हैदराबादला जाणारे विमान औशाच्या थोडे दक्षिणेकडून जाते. अशा विमानात आसनासमोरच्या पडद्यावर बाहेरचे तापमान उणे ४५ अंश असे दिसते. पुढे नाकाजवळच्या खोळीतल्या प्लॅटिनमच्या तारेला मात्र त्या क्षणी उणे चौदा-पंधरा अंशांचीच हवा लागत असते.